अध्यक्ष हटवण्यासाठी काढलेलं पत्रक

विद्यार्थी संसदेच्या अध्यक्षाला पदावरून काढण्याचा ठराव मी लिहिला होता. जर्मनीत येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी धातुशास्त्रात पीएचडी करत होते. आमच्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्यांनाही विद्यार्थी म्हणून निवडणूक लढवता येते, म्हणून परदेशी विद्यार्थ्यांच्या यादीतून उभी राहिले आणि निवडून आले. तिथे पक्षाला यादी म्हणतात, पण प्रत्येक मोठ्या यादीच्या मागे देशातला एखादा खरा पक्ष उभा असतो आणि ते सगळ्यांना माहीत असतं. एकूण जागा एकतीस. बारा अध्यक्षाच्या यादीच्या, दहा उजव्यांच्या, पाच डाव्यांच्या आणि चार आमच्या. अध्यक्षाला काढायला दोन तृतीयांश, म्हणजे एकवीस मतं लागतात. उजवे, डावे आणि आम्ही मिळून होतो एकोणीस. उरलेली दोन मतं अध्यक्षाच्या स्वतःच्या यादीतूनच फोडावी लागणार होती.

त्या उन्हाळ्यात मी या दोन मतांखेरीज फारसा कशाचाच विचार केला नाही.

माझी आई बार्शीत अंगणवाडी सेविका होती. संघटनेची पत्रकं तीच लिहायची. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकं पुष्कळ. मी अक्षरं लावायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. आईचा पत्रकाचा एक नियम होता: पहिल्याच ओळीत नाव, गाव आणि वय. जिच्यावर अन्याय झाला तिचं. ती म्हणायची, नाव नसलं की साहेब विचारतो, अशी कुणी बाई आहे तरी का? नाव छापलं की त्या बाईच्या मागे तालुक्यातल्या सगळ्या सेविका उभ्या राहायच्या. पंचायत समितीच्या दारात पत्रक हातात धरून बसायच्या. सुपरवायझर त्या बाईशी पुन्हा चढ्या आवाजात बोलायला धजायचा नाही. नाव छापणं म्हणजे तिला संरक्षण देणं, हे मी लहानपणापासून बघितलं होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

आता जिच्यामुळे हे सगळं झालं तिच्याबद्दल. ती लातूरची. माझ्याहून चार वर्षांनी लहान, मेकॅनिकलमध्ये मास्टर्स करायला आलेली. होस्टेलच्या एकाच मजल्यावर आमच्या खोल्या होत्या आणि स्वयंपाकघर सामाईक. मला ताई म्हणायची. रविवारी वरणफळं करायची आणि मी प्रयोगशाळेतून यायच्या आत माझ्या वाट्याची झाकून ठेवायची. एका हिवाळ्यात ती अंथरुणातून उठेनाशी झाली. आठवडे गेले. मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं, त्यांनी नैराश्य असं निदान केलं, गोळ्या दिल्या, सर्टिफिकेट दिलं. त्या हिवाळ्यात तिचा एक पेपर दुसऱ्यांदा गेला होता. उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गेला.

जर्मनीत तीनदा नापास म्हणजे संपलं. नाव काढून टाकतात, तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात घेता येत नाही, आणि नाव गेलं की विद्यार्थी म्हणून मिळालेला व्हिसाही जातो. एकच वाट उरते. तिला हेर्टेफाल म्हणतात: आजारपण, घरातला मृत्यू असं काही असेल तर समितीकडे अर्ज करून चौथी संधी मागायची. आमच्याकडे या समितीत चार प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी. तो प्रतिनिधी म्हणजे संसदेचा अध्यक्ष.

तिने अर्ज केला. घरी काही सांगितलं नव्हतं. घरच्यांना वाटत होतं की सगळे पेपर सुटले आणि ती वोल्फ्सबुर्गला एका कंपनीत थीसिस करतेय. एक वर्ष ती दर रविवारी फोनवर त्या न मिळालेल्या कामाच्या गोष्टी सांगत होती. कँटीनमध्ये काय मिळतं तेसुद्धा.

"एवढं डिटेलमध्ये कशाला सांगतेस?" मी एकदा विचारलं.

"बाबा विचारतात ना. त्यांना ऐकायला आवडतं."

बाबा तिचे शाळेत क्लार्क होते. कर्ज त्यांनी नाही, मोठ्या भावाने काढलं होतं, आणि त्याबद्दल ती बोलायची नाही.

एप्रिलमध्ये संसदेची उपाध्यक्षा मेन्सात, म्हणजे आमच्या खानावळीत, माझ्यासमोर ट्रे घेऊन येऊन बसली. रसायनशास्त्राची, अध्यक्षाच्याच यादीची, नेहमी ओठ आवळून बोलणारी. तिने फोन पुढे केला. त्यांच्या यादीच्या बारा जणांचा चॅट होता. अध्यक्षाने एका अर्जाच्या पहिल्या पानाचा फोटो टाकला होता. नाव, जन्मतारीख, देश, आजार, सगळं. खाली लिहिलं होतं: 'भारतातून आणखी एक दुःखी इंजिनिअर. काय करू, पास करू?' आणि त्याखाली हसणारे चेहरे.

मी ते नाव ओळखलं. ट्रेमधल्या बटाट्यांकडे बघत राहिले.

"तू मला हे का दाखवतेस?" मी विचारलं.

"कारण हे चूक आहे."

"आणि?"

ती जरा हसली. "आणि तो गेला तर खुर्ची रिकामी होते. आल्झो, म्हणजे बघ, मला ते नको आहे असं मी म्हणणार नाही. मी आणि अजून एक जण, आमची दोन मतं तुला मिळतील. ठराव तुझ्या यादीने आणायचा. आम्ही आणला तर घरभेदी ठरू."

एकोणीस अधिक दोन. मी तिथेच बेरीज केली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी लातूरच्या पोरीला सगळं सांगितलं. ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून स्टुलावर बसली. मग म्हणाली, "बाराही जणांनी वाचलं?"

"वाचलंच असणार. म्हणूनच त्याला काढायचंय. ठरावात तुझं उदाहरण लागेल."

"नाव लागेल?"

मग मी तिला एक भाषण दिलं. त्यातली वाक्यं मला आजही आठवतात, कारण ती माझी नव्हतीच, लहानपणापासून कानावर पडलेली होती. लाज त्याला वाटली पाहिजे, तुला नव्हे. नाव लपवलं की तक्रार अफवा होते. आपण घाबरलो तर पुढच्या मुलीचंही असंच होईल. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "संसदेतल्या लोकांपुरतंच ना? बंद बैठकीत?"

"हो," मी म्हणाले.

"मग बरं."

तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. ठराव बंद बैठकीतच येणार होता. पण ठरावाआधी वातावरण तयार करावं लागतं, आणि वातावरण पत्रकाने तयार होतं, हे माझ्या दृष्टीने इतकं उघड होतं की ते मी तिला सांगितलंही नाही. दोन्ही गोष्टी मला एकच वाटत होत्या.

पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. जर्मनमध्ये, पण चाल सगळी आईची. पहिल्या ओळीत तिचं नाव, लातूर, वय चोवीस. दुसऱ्या ओळीत तिला काय झालं होतं. मग अध्यक्षाने काय केलं. मग 'अशा माणसाच्या हाती आपले अर्ज ठेवायचे का?' आमच्या यादीत नाशिकचा एक मुलगा होता, ऑटोमोटिव्हचा, सगळ्या गोष्टींची थट्टा करणारा. त्याने ते वाचलं.

"कॉम्रेड, जबरी झालंय. फक्त हे नाव. इथले लोक पार्सल शेजाऱ्याकडे ठेवलं तरी शेजाऱ्याचं नाव खालच्या आवाजात सांगतात."

"म्हणूनच इथे कुणाला कशाचा राग येत नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "राग येत नाही. वकील येतो."

मी हसले. तोही हसला. मग आम्ही दोघांनी मिळून तीनशे प्रती काढल्या आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मेन्सातल्या प्रत्येक टेबलावर ठेवल्या. मीठ-मिरीच्या डब्यांखाली, उडून जाऊ नयेत म्हणून. मला फार बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी आपण कुणाचे तरी आहोत असं वाटत होतं.

दुपारी अडीचला मला अनोळखी नंबरवरून फोन आला. मराठीत.

"तुम्हीच का त्या पत्रकवाल्या बाई?"

"आपण कोण?"

"मी वोल्फ्सबुर्गहून बोलतोय. तिच्या वडिलांचा मावसभाऊ लागतो मी. अहो, आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी तुमच्या कागदाचा फोटो टाकलाय. खाली भाषांतर करून. आम्हाला तिच्या बाबांनी सांगितलं होतं की ती आमच्याच गावात काम करते. मी दोनदा जेवायला बोलावलं तिला. दोनदा शिफ्ट आहे म्हणाली."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला बरं नाहीये का?" त्यांनी विचारलं. आवाज उतरला होता. "नाही म्हणजे, आम्हाला सांगायचं तरी. मी गाडी काढून आलो असतो. आता तो फोटो लातूरला पोचलाय. तिच्या भावाचा मला फोन येऊन गेला."

ते रागावले असते तर मला उत्तर सुचलं असतं. मी म्हणाले, काका, मी नंतर बोलते. नंतर मी बोलले नाही.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली नाही. मी दार ठोठावलं. तिने उघडलं. डोळे कोरडे होते. टेबलावर फोन उलटा ठेवलेला होता.

"मी घरी सांगितलंय की हे माझ्याबद्दल नाहीये," ती म्हणाली. "त्याच नावाची दुसरी कुणीतरी आहे म्हणून. दादा म्हणाला, लातूरचीच? चोवीसचीच?"

"मला वाटलं..."

"तू संसदेपुरतं म्हणाली होतीस ताई."

मी तिला पुन्हा काहीतरी समजावू लागले. तिने मला थांबवलं नाही. ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, जाऊ दे, मला अभ्यास करायचाय, चौथी संधी मिळाली तर पेपर जुलैमध्ये आहे. तिला तेव्हा तेवढं एकच हवं होतं. ती संधी. पेपर सुटला की घरी सगळं सांगता येईल, असा तिचा हिशोब होता. सुटलेला पेपर हातात असला की मागचं खोटंही माफ होईल.

दोन दिवसांनी अध्यक्षाने सगळ्या विद्यार्थ्यांना एक मेल पाठवला. मला तो माणूस तोवर मूर्ख वाटत होता. तो मूर्ख नव्हता. मेल चार वाक्यांचा होता. आपल्याकडून चूक झाली, आपण माफी मागतो. ती चूक बारा लोकांच्या खासगी चॅटमध्ये झाली होती. ज्यांनी आपल्यावर आरोप केलाय त्यांनी त्या विद्यार्थिनीचं नाव आणि आजार तीनशे कागदांवर छापून जेवणाच्या टेबलांवर ठेवलाय. गोपनीयतेच्या नावाखाली आपल्याला काढायचं असेल तर जरूर काढा, पण मग दोघांनाही काढा.

दातेनशुत्स हा शब्द त्या आठवड्यात मी इतक्यांदा ऐकला की तो मला माणसाच्या नावासारखा वाटायला लागला. खासगी माहितीचं संरक्षण. बार्शीच्या त्या सुपरवायझरला हा शब्द माहीत असता तर आईचं एक पत्रक बाहेर पडलं नसतं. पण खरं सांगायचं तर अध्यक्ष बरोबर होता. तो दोषी होता आणि बरोबरही होता, आणि या दोन गोष्टी एकत्र धरायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

उजव्यांच्या यादीचा नेता कायद्याचा विद्यार्थी होता. इस्त्रीचा शर्ट, नम्र आवाज. त्याने मला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं.

"आमची दहा मतं पक्की. पत्रक थोडं लाल होतं, पण परिणामकारक होतं."

"तुम्हाला तिच्याबद्दल काही वाटतं का?"

"कुणाबद्दल?" त्याने खरोखरच विचारलं.

त्याच महिन्यात त्याच्या यादीने परदेशी विद्यार्थ्यांचं सल्ला केंद्र बंद करावं असा ठराव मांडला होता. त्याविरुद्ध मी उभी राहून वीस मिनिटं बोलले होते. आता मी त्याच्याशी हात मिळवला, कारण एकोणीसातले दहा त्याचे होते. डाव्यांचं म्हणणं, उजव्यांसोबत एका ठरावावर आपली सही दिसता कामा नये. म्हणून एकच ठराव दोन वेगळ्या कागदांवर टाइप केला. एकावर उजव्यांच्या सह्या, दुसऱ्यावर डाव्यांच्या, आणि दोन्हींवर माझी. हे काम मी अत्यंत गंभीरपणे केलं.

पहिल्या बैठकीत नोटीस एक दिवस उशिरा निघाली म्हणून विषय पुढे गेला. दुसऱ्या बैठकीत विद्यापीठाच्या वकिलांचं मत येईपर्यंत थांबायचं ठरलं, कारण ठरावात तिचं नाव होतं आणि ते वाचून दाखवता येईल का यावर वाद झाला. मी आणलेल्या ठरावात, मी घातलेलं नाव. दरम्यान अध्यक्षाने नियमाला धरून एक गोष्ट केली: आपल्याविरुद्ध ठराव असेपर्यंत आपण हेर्टेफाल समितीत बसणार नाही असं लिहून दिलं. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मीही मनात म्हटलं, चला, एवढी तरी लाज आहे. विद्यार्थ्यांची जागा रिकामी असेल तर समितीची बैठक भरत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते उपाध्यक्षेने सांगितल्यावर.

ती माझ्या प्रयोगशाळेत आली होती. मी मशीनपाशी होते, तिने बाहेरूनच काचेवर टकटक केलं. आम्ही कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून बोललो.

"आमची दोन मतं आता येणार नाहीत," ती म्हणाली. "त्या पत्रकानंतर मी तुझ्या बाजूने हात वर केला तर मला माझी यादी पुढच्या निवडणुकीत उभी करणार नाही. पण मी एक मार्ग काढलाय. तू ठराव मागे घे. तो अध्यक्ष राहील, पण समितीची जागा कायमची सोडेल. ती मला मिळेल. बैठक येत्या बुधवारी. प्राध्यापकांपैकी दोघं तिच्या बाजूचे आहेत, मी तिसरी. शुक्रवारी परीक्षेची नावनोंदणी बंद होते. तोवर तिला पत्र मिळेल."

"आणि तो खुर्चीत तसाच."

"आठ महिने. मग निवडणूक आहेच."

"हा सौदा आहे."

"हो," ती म्हणाली. "सौदाच आहे."

ठराव मागे घ्यायला माझी एक सही पुरे होती, कारण दोन्ही कागदांवर पहिली सही माझी होती. मी तिला सांगितलं की विचार करून कळवते. खरं म्हणजे माझं उत्तर तिथेच ठरलं होतं. मतं नसली तरी ठराव मांडायचा, हरलो तरी नोंद राहते, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते.

घरी येऊन मी लातूरच्या पोरीला सांगितलं, ते मात्र मी केलं. पूर्ण सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ बंद केला.

"मागे घे ना ताई."

"म्हणजे त्याने केलं ते चालतं, असं होईल."

"होऊ दे."

"हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाहीये गं. उद्या दुसऱ्या कुणाचा अर्ज..."

"मग माझ्या एकटीचंच नाव कशाला घातलंस?"

 तरी मी बोलत राहिले. दोन मतं अजूनही येऊ शकतात म्हणाले. एवढ्या लोकांनी आपल्यासाठी सह्या केल्यात म्हणाले. तिने ओले हात पुसले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तुला जिंकायचंय का हरायचंय तेच मला कळत नाही. मला फक्त पेपर द्यायचाय."

मी आईला फोन केला. आईने सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा एकच विचारलं, "तिच्या मागं किती जणी उभ्या राहिल्या?"

"म्हणजे?"

"पत्रक निघाल्यावर. तिच्या खोलीवर कोण कोण गेलं?"

मी म्हटलं, इथे तशी पद्धत नाही.

आई म्हणाली, "मग तू कसं काय छापलंस?" तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच समजत नव्हतं. मी म्हणाले, रेंज जातेय, आणि फोन ठेवला.

ठराव मी मागे घेतला नाही. का घेतला नाही याची मी पुढे पुष्कळ कारणं शोधली. यादीची बैठक झाली होती आणि तिथे सगळे लढायचं म्हणत होते, हे एक कारण. नाशिकचा मुलगा तेवढा म्हणाला होता, "तिला विचारलं का?" आणि मी म्हणाले होते, "विचारलं." त्याने पुढे काय उत्तर आलं ते विचारलं नाही. पण खरं कारण एवढंच की मला मागे हटलेलं दिसायचं नव्हतं. उजव्यांना नाही, डाव्यांना नाही, त्या उपाध्यक्षेला तर नाहीच. मी याला तत्त्व म्हणत होते.

मतदान गुरुवारी झालं. बुधवारी समितीची बैठक भरली नव्हती. संध्याकाळचे सात वाजले होते, सभागृहाच्या मोठ्या खिडक्यांतून लख्ख ऊन आत येत होतं आणि पहिल्या रांगेतले लोक हाताने डोळे झाकून बसले होते. मी बोलले. चांगलं बोलले; नंतर विरोधकांनीही तसं सांगितलं. वकिलांच्या सल्ल्याप्रमाणे मी तिचं नाव घेतलं नाही, 'संबंधित विद्यार्थिनी' म्हणाले. बाहेर मेन्सातल्या सूचनाफलकावर माझ्याच पत्रकाची एक प्रत अजून टाचलेली होती.

हात वर झाले. मोजणाऱ्याने दोनदा मोजले. एकोणीस. उपाध्यक्षा समोरच्या कागदाकडे बघत बसली होती. ठराव फेटाळला गेला. अध्यक्षाने सगळ्यांचे आभार मानले, लोकशाही जिवंत असल्याचं हे लक्षण आहे म्हणाला, आणि पुढचा विषय सायकल स्टँडच्या छपराचा घेतला. उजव्यांचा नेता बाहेर पडताना मला म्हणाला, "निवडणुकीत हे आम्हाला फार उपयोगी पडेल."  तो मला चिडवत नव्हता. तो आभार मानत होता.

शुक्रवारी बारा वाजता नावनोंदणी बंद झाली. समितीची बैठक त्यानंतर अकरा दिवसांनी झाली. अध्यक्ष पुन्हा आपल्या जागेवर बसला आणि, उपाध्यक्षेने मला नंतर सांगितलं, त्याने लातूरच्या मुलीच्या बाजूने मत दिलं. पाचही जणांनी दिलं. अर्ज मंजूर झाला. पण चौथी संधी याच सत्रात घ्यायची असते आणि या सत्राची नोंदणी संपलेली होती. परीक्षा विभागाने तसं पत्र पाठवलं. पत्रात कुणाचीही चूक नव्हती. प्रत्येक गोष्ट ज्या त्या नियमाने झाली होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी नाव काढून टाकल्याचं दुसरं पत्र आलं.

मी तिला म्हणाले की आपण कोर्टात जाऊ. ती म्हणाली, "ताई, प्लीज."

ती जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या खोलीत गेले. पुस्तकं खोक्यात भरलेली होती. लातूरला जाणार नव्हती. पुण्यात एका मैत्रिणीकडे काही दिवस, मग बघू. वडील अजून बोलत नव्हते. वोल्फ्सबुर्गचे काका तिला विमानतळावर सोडायला येणार होते. मला कुणी येऊ नको म्हणालं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हणालं नव्हतं.

"माझ्याकडून काही हवंय का?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "त्या पत्रकाची फाइल तुझ्याकडे असेल ना? ती पुसून टाक. माझ्यासमोर."

मी लॅपटॉप आणला. आम्ही तिच्या रिकाम्या गादीवर शेजारी बसलो. मी फाइल पुसली, कचरापेटी रिकामी केली. फोनमधली पुसली. पाठवलेल्या मेलमधली शोधून काढली, ती पुसली. ती प्रत्येक वेळी वाकून बघत होती. मग आमच्या यादीचा सामाईक फोल्डर उघडला. तिथेही एक प्रत होती, 'पुढची निवडणूक' नावाच्या कप्प्यात कुणीतरी ठेवलेली. मी पुसायला गेले तर फोल्डरने परवानगी विचारली. यादीतल्या दोघांची संमती लागत होती. तो नियम मीच करवून घेतला होता, एकट्याच्या मर्जीने काही नाहीसं होऊ नये म्हणून.

मी नाशिकच्या मुलाला फोन लावला. तो ट्रेनमध्ये होता. "पुसू की," तो म्हणाला, "पण फोल्डरचं सगळं बैठकीत घेतो ना आपण. सोमवारी विषय ठेव, दोन मिनिटांचं काम आहे."

"सोमवारी करते," मी तिला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली.

सोमवारच्या बैठकीत पहिलाच विषय उजव्यांबरोबर पुन्हा हातमिळवणी करायची का हा निघाला. सल्ला केंद्र वाचवायच्या बदल्यात त्यांना उपाध्यक्षपदाला पाठिंबा द्यायचा. मी उभी राहिले आणि भांडले. मला जे वाटत होतं ते सगळं बोलले, या तीन महिन्यांचं, आपल्या सगळ्यांचं. तिथल्या तिथे राजीनामा लिहून टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. स्टॉपवर ट्राममध्ये चढताना फाइलचा विषय आठवला. फोल्डर उघडायला गेले तर तो उघडत नव्हता. सदस्यत्व संपलं की प्रवेश आपोआप बंद होतो.

मी नाशिकच्या मुलाला लिहिलं. त्याने अंगठा पाठवला. महिन्याने पुन्हा लिहिलं, तेव्हा तो इंटर्नशिपसाठी न्युरेम्बर्गला गेला होता आणि आपणही आता यादीत नाही म्हणाला. यादीच्या नव्या लोकांना मी ओळखत नाही. त्यांना मेल लिहिला तर कोणती फाइल आणि ती का पुसायची, हे सांगावं लागेल, आणि ते सांगायचं तर तिचं नाव पुन्हा लिहावं लागेल. तो मेल मी तीनदा सुरू केला आहे. फाइल अजून तिथेच आहे.